मिनिटाला अठरा

दवाखान्यात ती नवी यंत्रणा बसली तेव्हा तिला चार शब्दांचं भारदस्त नाव होतं. उद्घाटनाच्या फलकाबरोबर ते नावही अडगळीत गेलं. वॉर्डातल्या मावश्यांनी तिला 'जावई' म्हणायला सुरुवात केली आणि महिन्याभरात अधीक्षक सोडून सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. नाव चपखल होतं. येणार येणार म्हणून वर्षभर धावपळ चालली होती. आल्यावर त्याच्यासाठी एक खोली रिकामी करून थंडगार करून दिली होती, जिच्यात आधी नर्सा डबा खायच्या. त्याला हवं-नको बघायला दोन माणसं नेमली होती. त्याचं काही बिनसलं की अख्ख्या दवाखान्याचा जीव टांगणीला लागायचा. एरवी तो जे म्हणेल त्याला मान डोलवायची, एवढंच बाकीच्यांच्या हाती उरलं होतं.

जावयाचं काम असं. प्रत्येक पेशंटची नाडी, ताप, रक्तदाब, श्वास, वय, रक्ताचे रिपोर्ट सगळं वाचायचं आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा सांगायचा. आकडा जितका मोठा तितका माणूस धोक्यात. साठच्या वर गेला की पडद्यावरचं 'आयसीयू'चं बटण हिरवं व्हायचं आणि खाट मिळायची. साठच्या खाली ते राखाडी राहायचं. राखाडी बटण कितीही जोरात दाबलं तरी काही होत नाही, हे प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून बघितलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांना सगळे 'मोठ्या सिस्टर' म्हणत. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. तीस वर्षांच्या नोकरीत भल्याभल्या डॉक्टरांना त्यांच्यापुढे मान खाली घालावी लागली होती, आणि ती केवळ त्यांच्या उंचीमुळे नव्हे.

त्या दिवशी सकाळी त्यांच्याच वॉर्डात बारा नंबरच्या खाटेवर त्यांची थोरली जाऊ दाखल झाली. दोन दिवस लघवीला जळजळ, थंडी वाजून येणं, अन्नावरची वासना उडालेली. जावयाने सगळं बघून आकडा दिला, बावीस. बावीस म्हणजे सलाईन लावा, औषधं द्या, दोन दिवसांनी घरी सोडा.

या दोघींची ओळख तेहतीस वर्षांची, आणि त्यातली एकतीस वर्षं त्या एकमेकींशी शब्द मोजून बोलत आल्या होत्या. जाऊबाई म्हणजे दुखण्याची हौस असलेलं माणूस. त्यांचं डोकं दुखलं की घरातल्या चौघांनी हातातली कामं टाकून भोवती उभं राहायचं. बोट कापलं तर ती जखम त्या पंधरा दिवस दाखवत फिरायच्या आणि भरून आल्यावर कुठे होती ती जागा दाखवायच्या. 'आमच्या घरात नर्स आहे हो, पण ती बाहेरच्यांसाठी,' हे वाक्य त्यांनी चार माणसांत न चुकता ऐकवलेलं होतं.

म्हणूनच अकराच्या सुमाराला मोठ्या सिस्टरांनी कसं वाटतंय म्हणून विचारलं आणि जाऊबाई नुसतंच "बरी आहे" म्हणाल्या, तेव्हा पुढच्या खाटेकडे निघालेल्या मोठ्या सिस्टर मागे फिरल्या.

नाडी बघतेय असं दाखवून त्यांनी मनगट धरलं. श्वास मोजायची हीच रीत. मोजतायत हे कळलं की माणूस श्वाससुद्धा पाहुण्यांसमोर घेतल्यासारखा घेतो. नाडी ब्याऐंशी, अगदी शहाण्यासारखी. पण जाऊबाई सहा वर्षं रक्तदाबासाठी जी गोळी घेत होत्या ती नाडीला लगाम घालते. घराला आग लागली असती तरी ती नाडी धावली नसती. अंगात ताप नव्हता, उलट हात गार होते. छाती मात्र घाईत होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी पूर्ण एक मिनिट मोजलं. चौतीस. धडधाकट माणूस याच्या निम्मे श्वास घेतो.

एक मिनिट केवढं लांब असतं हे त्या विसरून गेल्या होत्या.

पडद्यावर त्यांनी श्वासाच्या रकान्यात चौतीस टाकलं. जावयाने नम्रपणे विचारलं, 'हा आकडा आपल्या दवाखान्यातील नेहमीच्या नोंदींशी जुळत नाही. नजरचुकीने पडला आहे का?' खाली 'होय' ठळक होतं आणि 'नाही' बारीक. त्यांनी 'नाही' दाबलं. जावयाने थोडा विचार केल्यासारखं केलं आणि नवा आकडा दिला. बावीस.

वॉर्डच्या डॉक्टरीणबाई हुशार होत्या, शिवाय ऐकून घेणाऱ्या होत्या. दवाखान्यात हे दोन्ही एका माणसात सापडणं कठीण. त्यांनी स्वतः मोजलं तर पस्तीस आलं. लघवीतला जंतू रक्तात उतरलाय, त्या म्हणाल्या. रक्तदाब अजून तग धरून आहे, पण हा श्वास सांगतोय की तो फार वेळ धरणार नाही. आयसीयूत हलवायला हवं, आणि कोसळायच्या आधी हलवायला हवं. इंजेक्शन त्यांनी तिथल्या तिथे दिलं, सलाईन वाढवलं, रक्त काढून खाली प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे ते रक्त रांगेत उभं राहिलं, कारण ती रांगही जावईच लावायचा आणि बावीस आकड्याच्या रक्ताला कसली आलीय घाई. आयसीयूत एक खाट रिकामी होती. बटण राखाडी होतं.

"पूर्वी मी सरळ वर एक फोन केला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पूर्वीचं मोठ्या सिस्टरांना कुणी सांगायला नको होतं. पूर्वी खाटा फोनवरच मिळायच्या, आणि फोन कुणाचा यावर मिळायच्या. अधीक्षकांच्या व्याह्यांनी उचकी थांबत नाही म्हणून नऊ दिवस आयसीयूत काढले होते. त्याच नऊ दिवसांत दवाखान्यातल्याच एका झाडूवालीने बाहेर व्हरांड्यात जीव सोडला होता. जावई यायचा ठरला तेव्हा भर सभेत मोठ्या सिस्टर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, नियम करायचाच तर सगळ्यांना एकच करा, आणि सुरुवात आमच्या नात्यागोत्यांपासून करा. टाळ्या पडल्या. नियमही झाला. जावयाचं म्हणणं पटलं नाही तर डॉक्टरने असहमतीचा अर्ज भरायचा. पेशंट कर्मचाऱ्याच्या नात्यातला असेल तर मात्र तो अर्ज थेट 'विश्वासार्हता व न्याय्यता कक्षा'कडे जाणार. तो नियम छापून आयसीयूच्या दारावर लावला होता आणि त्यातली भाषाही बरीचशी मोठ्या सिस्टरांचीच होती.

अर्ज भरला. कारण म्हणून डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, श्वास ३५. दहा मिनिटांत तो कक्षाकडून परत आला. त्यावर शेरा होता, 'सदर घटकाचा निकालावर प्रभाव नाही.'

या वाक्याचा अर्थ विचारायला मोठ्या सिस्टरांनी जावयाच्या खोलीत फोन लावला. तिथला इंजिनियर काहीतरी खात होता; त्या खोलीची सवयच तशी. तोंडातला घास संपवून त्याने शोधाशोध केली आणि बिघाड काहीच नाही असं सांगितलं. श्वासाच्या आकड्याला जावयाच्या हिशोबात वजनच नाही. तो आकडा चौतीस टाका, चारशे टाका, फरक पडणार नाही. जावयाला कुणी पुस्तकं शिकवलेली नाहीत, याच दवाखान्याचे अकरा वर्षांचे चार्ट वाचून तो स्वतःच शिकला आहे. माणूस दगावणार हे नाडीवरून कळतं, तापावरून कळतं, रक्तदाबावरून तर झकास कळतं. श्वासावरून कळत नाही, हे त्याचं त्यानेच शोधून काढलं.

"तुमच्याकडे बरे झालेले सगळे अठरा आहेत, आणि गेलेलेही अठराच आहेत," इंजिनियर म्हणाला. "मधूनच एखादा वीस. मला जरा नवल वाटलं होतं तेव्हा, पण म्हटलं, आपण काही डॉक्टर नाही."

मोठ्या सिस्टरांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. ड्यूटीवर असताना त्यांना बसलेलं वॉर्डने पाहिलेलं नव्हतं.

अठराचं असं होतं. चाळीस खाटांना दोन नर्सा. प्रत्येकीचा श्वास मिनिटभर मोजायचा म्हणजे एका फेरीला चाळीस मिनिटं, आणि फेऱ्या दिवसाला चार. तेवढ्या वेळात इंजेक्शनं कुणी द्यायची, बेडपॅन कुणी सरकवायचं? नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या प्रमुख बाईंनी त्यांना शिकवलं होतं की पेशंटकडे बघायचं, श्वास घेतोय ना, मग अठरा लिहायचं. पुढे त्यांनी स्वतः दोनशेएक मुलींना हेच शिकवलं आणि वर पदरची भर घातली, मधूनमधून एखादा वीस टाकावा म्हणजे चार्ट जिवंत दिसतो. एकदा एक म्हातारी सकाळी सहाला गेली आणि आठच्या फेरीतही तिचे अठरा श्वास भरले गेले, त्यावर वॉर्ड महिनाभर हसत होता. खोटं लिहितोय असं कुणाच्या मनातही आलं नाही. रकाना होता, तो भरायचा होता. डॉक्टर तो कधी वाचत नसत. ते येऊन पेशंटकडे बघत. त्या रकान्याला पहिला वाचक मिळाला तो जावई, आणि त्याने तो मन लावून, अक्षरन् अक्षर वाचला. नीटनेटक्या नोंदींसाठी या वॉर्डला दोनदा ढाल मिळाली होती. जावयाच्या शिक्षणासाठी सगळ्यात आधी याच वॉर्डचे चार्ट नेले होते, कारण त्यात एकही रकाना रिकामा नव्हता.

दोन वाजता श्वास अडतीस झाला. मोठ्या सिस्टर तळमजल्यावर कक्षात गेल्या.

कक्षाच्या प्रमुखांना दवाखाना पाठीमागे न्याय्यताबाई म्हणायचा. बाई मनाने चांगल्या होत्या, हीच अडचण होती. आधीच्या दवाखान्यात असल्याच एका यंत्राने गरिबांना ठणठणीत ठरवलं होतं, कारण ते डॉक्टरकडे क्वचित जायचे. त्यासाठी बाई नोकरीवर पाणी सोडून भांडल्या होत्या. त्यांनी उठून खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग पडदा वळवून तक्ते दाखवले. बायका आणि पुरुष, गरीब आणि पैसेवाले, तरुण आणि म्हातारे, जवळचे आणि लांबून येणारे. जावयाच्या चुका सगळ्यांच्या वाट्याला अगदी सारख्या येत होत्या. असे तक्ते दुसऱ्या कुठल्या दवाखान्याचे नाहीत, त्या म्हणाल्या, आणि त्यात बढाई नव्हती.

"श्वास तो कुणाचाच बघत नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे भेदभाव करत नाही," न्याय्यताबाई म्हणाल्या. त्या विनोद करत नव्हत्या.

"बाई, ते अठरा आम्ही लिहिलेत. मोजलेले नाहीत. मी मोजले नाहीत, मुलींना मोजू दिले नाहीत. अकरा वर्षांतला एकही खरा नसेल."

न्याय्यताबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही मला सांगताय की कक्षाला?"

"तुमच्यातलं जे कोण बटण हिरवं करू शकेल त्याला."

तसं करू शकणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. न्याय्यताबाईंनी ते फार हळुवारपणे समजावून सांगितलं. कक्षाला सांगितलं तर तो जबाब होतो. जबाबावर चौकशी बसते, चौकशीला कमीत कमी दोन महिने लागतात, आणि तोवर जावई बंद ठेवायचा म्हटलं तर पुन्हा फोन सुरू होणार आणि पुन्हा उचक्या आयसीयूत जाणार. नुसतं त्यांना सांगितलं तर ते बोलणं हवेत जातं. दोन्हीपैकी काहीही केलं तरी आजच्या दिवसात आकडा बदलत नाही. शिवाय सांगणारी पेशंटची जाऊ. उद्या कुणीही म्हणेल की खाट मिळावी म्हणून बाईंनी अकरा वर्षांच्या नोंदी खोट्या ठरवल्या.

"खाटेसाठीच सांगतेय मी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"तेच तर सिस्टर. आणि आज मी तुमच्या घरच्या माणसाला आत सोडलं, तर उद्या अधीक्षकांच्या घरच्यांना कोणत्या तोंडाने अडवू?"

हे सभेतलं त्यांचंच म्हणणं होतं. तेव्हा कुणी त्याला उत्तर दिलं असतं, तर मोठ्या सिस्टरांनी तिथल्या तिथे ते खोडून काढलं असतं.

त्यांनी कागद मागून घेतला आणि सगळं लिहून दिलं. सुरुवात कुणी केली, पुढे कुणी चालवली, वीस कशासाठी टाकायचा. नोकरीवर गदा येणार हे त्यांना कळत होतं. त्याबद्दल काही वाटून घ्यायला सवड नव्हती. न्याय्यताबाईंनी कागदावर शिक्का मारला, वेळ टाकली, दोन चाळीस, आणि पोच दिली. दारापर्यंत सोडायला आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. चौकशी मी स्वतः लावून धरीन, असं त्यांनी वचन दिलं, आणि त्या ते पाळणाऱ्यातल्या होत्या.

वर भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, खाटेशी स्टुलावर बसले होते. आयुष्यभर बायकोच्या दुखण्यांना कंटाळलेला हा माणूस आज ती गप्प आहे म्हणून खुशीत होता. झोप लागतेय तिला, ते कौतुकाने म्हणाले. मग म्हणाले, तू आहेस म्हणून आम्हाला घोर नाही. मोठ्या सिस्टरांनी सलाईनची नळी नीट होती तरी पुन्हा नीट केली.

चार वाजता वॉर्डातच घंटा वाजली. नऊ नंबरच्या खाटेवर एक शाळेतल्या बाई होत्या, निमोनिया झालेल्या. ताप चढला, नाडी एकशे चाळीस झाली, आकडा त्रेसष्ट. बटण हिरवं झालं आणि आयसीयूतली खाट त्यांच्या नावावर पडली. वशिला नव्हता, फोन नव्हता. बाई खरोखरच आजारी होत्या. त्यामुळे मोठ्या सिस्टरांना चिडायलाही जागा राहिली नाही. मावशी जेवायला गेल्या होत्या म्हणून स्ट्रेचर त्यांनीच ढकलत वर नेलं. आयसीयूच्या दारात त्या बाईंच्या मुलीने त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली की आमची इथे कुणाशी ओळख नाही, तरी तुम्ही आम्हाला जागा दिलीत. तिच्या पाठीमागे दारावर नियम लावलेला होता.

खाली येईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन अर्ज भरले होते. एकात श्वास अक्षरांत लिहिला होता, जणू आकड्यावर विश्वास नसेल तर अक्षरावर बसेल. दोन्ही तोच शेरा घेऊन परत आले. प्रयोगशाळेत त्या स्वतः जाऊन भांडून आल्या. रक्ताचा नमुना चाळीसाव्या नंबरवरून एकतिसाव्यावर आला. जाऊबाईंचा श्वास आता मोजावा लागत नव्हता. पलीकडच्या खाटेवरची बाई तो ऐकून कूस बदलत होती.

सव्वापाचला रक्तदाब कोसळला.

हे मात्र जावयाला चटकन समजलं. आकडा बावीसवरून एकदम एक्क्याऐंशी. लाल दिवा लागला, घंटा वाजली, बटण हिरवं झालं. डॉक्टरीणबाईंनी ते दाबलं. पडद्यावर आलं, 'विनंती स्वीकारली. प्रतीक्षायादीत आपला क्रमांक १.' त्याच्या खाली जावयाने स्वतःबद्दल नोंद करून ठेवली की धोक्याची सूचना चार सेकंदांत देण्यात आली. महिनाअखेरच्या अहवालात ती जमेच्या बाजूला जाणार होती.

पहिला क्रमांक म्हणजे आता वरचं कुणीतरी बरं होऊन बाहेर यायला हवं, किंवा बरं न होता. मोठ्या सिस्टरांनी वर फोन केला. इतक्यात तरी तसं कुणी दिसत नाही, वरची नर्स म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते लक्षात आल्यावर तिने घाईने फोन ठेवला.

वॉर्डात जे करता येतं ते सगळं करून झालं. खाटेचा पायथा उंच केला, दुसऱ्या हातालाही सलाईन लावलं, तोंडावर मास्क चढवला. रक्तदाब सावरून धरणारं औषध पंपातूनच जातं आणि पंप फक्त आयसीयूत असतात, म्हणून डॉक्टरीणबाई पंप मागायला जिना चढून पळत गेल्या. भाऊजींना एका मावशीने बाहेर नेलं होतं. पडद्यापलीकडून ते पुन्हा पुन्हा विचारत होते की सकाळी तर बरी होती, आणि मावशी हो हो म्हणत होती.

जाऊबाईंनी डोळे उघडले. मास्कच्या वरून त्यांनी मोठ्या सिस्टरांना पायापासून डोक्यापर्यंत निरखलं.

"कधीची... उभीच आहेस," त्या म्हणाल्या. एकेका शब्दाला एकेक श्वास लागत होता. "तुला काही... काम नाही का?"

मोठ्या सिस्टरांनी वॉर्डवरून नजर फिरवली. सहाची फेरी तोंडावर आली होती. तीन नंबरची पट्टी बदलायची होती, सात नंबरला इंजेक्शन द्यायचं होतं, आणि अडतीस चार्ट खाटांच्या पायथ्याशी लटकत होते.

"नाही, जाऊबाई," त्या म्हणाल्या. "काहीच नाही."

मोठ्या सिस्टरांना बसायला जागा व्हावी म्हणून जाऊबाईंनी खाटेवर जरा बाजूला सरकायचा प्रयत्न केला. पण त्यांना सरकता आलं नाही.